घराच्या कागदावर तिचं नाव

या महिन्याच्या टपालात एकच विषय पुन्हा पुन्हा आला. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे, बायकोचं नाव कसं लावायचं? वकिलीत माझं बरंचसं काम दस्तांचंच असल्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. पण यंदा विचारणाऱ्यांत पुरुष बरेच आहेत, याचा मनापासून आनंद झाला. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून आज याच पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आहे. नाशिक रोडला २००९ साली दोन बेडरूमचा फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावे घेतला. कर्ज फिटलं आहे. आता पत्नीचं नाव लावावं असं मनात आहे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, सहयोगी सभासदत्वाचा अर्ज द्या, आम्ही नाव चढवून देतो. माझे साडू म्हणतात, हक्कसोडपत्र करा. कोर्टाबाहेरचा एक टायपिस्ट म्हणतो, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करून देतो. नेमकं काय करावं? खर्च किती येईल?

उत्तर : तिघांनी तीन वाटा सांगितल्या. त्यातल्या एकाही वाटेने तुमच्या पत्नी घराच्या मालक होत नाहीत.

सहयोगी सभासदत्व ही सोसायटीच्या दप्तरापुरती सोय आहे. तुमच्या संमतीने पत्नीला सभेला बसता येईल, मत देता येईल. पण त्याने फ्लॅटमधला वीतभर हिस्साही त्यांच्याकडे जात नाही. मालकी ठरते ती नोंदवलेल्या दस्ताने, सोसायटीच्या रजिस्टरने नव्हे. हक्कसोडपत्र सहमालकांमध्ये होतं. ज्याचा मिळकतीत आधीच हिस्सा आहे, तो आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या लाभात सोडतो. तुमच्या पत्नींचं नाव मूळ करारनाम्यात नाही, त्यामुळे इथे तो कागद बसतच नाही. आणि नोटरी? सही तुमचीच आहे, एवढंच नोटरीचा शिक्का सांगतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मिळकतीचं बक्षीस नोंदणीकृत दस्तानेच होतं, त्यावर देणाऱ्याची आणि किमान दोन साक्षीदारांची सही लागते. नोंदणी कायदा, १९०८ चं कलम १७ ही नोंदणी सक्तीची करतं. नोटरीचा कागद घेऊन तुमच्या पत्नी उद्या बँकेत गेल्या, तर तिथला वकील तो बाजूला ठेवून देईल.

तुम्हाला करायचं आहे ते बक्षीसपत्र. लोक त्यालाच गिफ्ट डीड म्हणतात.

आता मजकुराकडे या, कारण घोळ होतो तो इथे. ‘पत्नीचे नाव लावण्यात येत आहे’ असं मोघम वाक्य घालू नका. किती हिस्सा देताय ते लिहा. बहुतेक जोडपी निम्मा देतात. माझ्या मसुद्यात साधारण असं असतं : ‘सदर सदनिका मिळकतीतील माझा १/२ (एक द्वितीयांश) अविभक्त हिस्सा मी लिहून देणार यांनी लिहून घेणार हिला प्रेमापोटी, स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कायम मालकी हक्काने बक्षीस दिला असून लिहून घेणार हिने तो स्वीकारला आहे.’ ‘लिहून देणार’ म्हणजे तुम्ही, ‘लिहून घेणार’ म्हणजे तुमच्या पत्नी. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. मोबदल्याचा एक रुपयाही लिहिला तर ते बक्षीस राहत नाही. ‘स्वीकारला आहे’ हवंच, कारण देणारा हयात असताना बक्षीस स्वीकारलं गेलं नाही तर कायद्याने ते पुरं होत नाही. आणि ‘कायम मालकी हक्काने’ याच्या जागी ‘हयातीपर्यंत राहण्यासाठी’ असं कुणी सुचवलं तर सावध व्हा. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १४ ने स्त्रीकडे आलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची होते. पण दस्तातच मर्यादित हक्क लिहिला असेल, तर तिच्या पदरात तेवढाच पडतो. जुन्या दस्तांत हे दोन शब्द सहज टाकलेले मला दिसतात आणि त्यांपायी बायकांना उतारवयात कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

त्याखाली मिळकतीचं वर्णन येईल : फ्लॅट क्रमांक, मजला, चटईक्षेत्र, सर्व्हे नंबर, चतुःसीमा, २००९ च्या करारनाम्याचा दस्त क्रमांक आणि तारीख, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक. हे जुन्या सूची क्रमांक दोनवरून (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा देणारा उतारा) अक्षरशः उतरवून घ्या, आठवणीवर लिहू नका.

खर्चाचं म्हणाल तर राहत्या घराचं किंवा शेतजमिनीचं बक्षीस नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना दिलं, तर महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. मात्र हा २०० चा आकडा ऐकून खिशात तेवढेच घेऊन जाऊ नका. त्यावर स्थानिक संस्थेचा अधिभार लागतो, साधारणपणे बक्षीस दिलेल्या हिस्याच्या बाजारमूल्यावर १ टक्का. बाजारमूल्य म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, सरकारने ठरवलेल्या दरांच्या तक्त्याप्रमाणे. तुमच्या फ्लॅटचं मूल्य समजा ५० लाख निघालं, तर निम्म्या हिस्स्याचे २५ लाख आणि अधिभार २५ हजारांच्या घरात. मेट्रोच्या शहरांत अधिभाराचं गणित वेगळं असू शकतं. शिवाय नोंदणी फी, पानागणिक दस्त हाताळणी शुल्क आणि वकिलाची फी. दस्तावर सह्या करण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयातून, म्हणजे जिथे दस्त नोंदवतात तिथून, मूल्यांकन करून घ्या, म्हणजे ऐन वेळी चलन कमी पडत नाही.

कार्यालयात काय होतं तेही सांगते, कारण बऱ्याच बायका तिथे पहिल्यांदाच पाऊल ठेवतात आणि बिचकतात. दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरलेली असते, तिचा क्रमांक आणि चलन घेऊन टोकन मिळतं. तुम्ही दोघं, साक्षीदार आणि ओळख पटवणारी माणसं, सगळ्यांची ओळखपत्रं तपासतात. मग एकेकाला खुर्चीत बसवून फोटो काढतात, अंगठा यंत्रावर ठेवायला सांगतात. वयस्कर आणि धुण्याभांड्याने बोटं झिजलेल्या बायकांचा ठसा कधी कधी लवकर उमटत नाही. हात पुसायचा, पुन्हा ठेवायचा, घाबरायचं नाही. दुय्यम निबंधक विचारतात, दस्त वाचला का, मान्य आहे का, सही तुमचीच का. उत्तर पत्नींना स्वतःच्या तोंडाने देऊ द्या. ‘तिला काय कळतंय, मी सांगतो ना’ म्हणून मध्ये बोलणारे नवरे मी पाहिलेत. तसं करू नका. त्या मालक होतायत, त्यांना ते कळायला हवं. सह्या केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो, तेव्हा सह्या करून कपाटात ठेवू नका.

दस्त नोंदवला की नवी सूची क्रमांक दोन घ्या आणि मग सोसायटीत जा. तिथे आता अर्ज करायचा तो हिस्सा हस्तांतरणाचा आणि संयुक्त सभासदत्वाचा. हस्तांतरण फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये. कुटुंबातल्या माणसाला दिलेल्या हिस्स्यावर सोसायटीला प्रीमियम, म्हणजे या फीखेरीज जादा रक्कम, घेता येत नाही. सोसायट्यांच्या नियमावलीत, म्हणजे आदर्श उपविधींत, ते स्पष्ट आहे, सेक्रेटरींना नम्रपणे दाखवा. त्यानंतर महापालिकेत घरपट्टीला नाव लावून घ्या. लाइटबिलाचं सावकाश केलं तरी चालेल. (तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट असती, तर मूळ कागद डीड ऑफ अपार्टमेंट असता आणि मजकूर त्याला धरून लिहावा लागला असता. नाशकात दोन्ही प्रकार आहेत. आणि जागा सिडकोसारख्या भाडेपट्ट्याची असेल, तर हस्तांतरणाची परवानगी आधी बघावी लागते.)

दोन गोष्टी अजून. एक, बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. मृत्युपत्र माणूस हयातीत कितीदाही बदलू शकतो, बक्षीस एकदा दिलं की दिलं. म्हणून मसुदा करण्याआधी मी देणाऱ्याला एकट्याला बसवून विचारते, हे तुमच्या मनातून आहे ना. तुमच्या पत्रावरून ते दिसतंय. दोन, आयकर. नवऱ्याकडून मिळालेल्या बक्षिसावर पत्नीला कर नाही. पण पुढे फ्लॅट भाड्याने दिलात, तर त्यांच्या हिस्स्याचं भाडंही तुमच्याच उत्पन्नात धरतात, विकला तर नफ्याचंही तसंच. मालकी त्यांची, कराचा हिशेब तुमच्या विवरणपत्रात. कर वाचेल म्हणून हे करत असाल तर करू नका. त्यांचं घर त्यांच्या नावावर असावं म्हणून करत असाल तर या आठवड्यातच कामाला लागा.

प्रश्न : वकीलताई, आमचा फ्लॅट कोल्हापुरात आहे, मिस्टरांच्या नावावर. कर्ज चालू आहे, मी सहकर्जदार आहे आणि निम्मा हप्ता माझ्या पगारातून जातो. नाव लावायचं म्हटलं की मिस्टर म्हणतात, ‘तू नॉमिनी आहेस ना, मग तुझंच आहे.’ घरात सासूबाई आहेत, एक मुलगा, एक मुलगी. मी नॉमिनी आहे तेवढं पुरे आहे का?

उत्तर : नाही, ताई. पुरे नाही.

सोसायटीतला नॉमिनी म्हणजे सभासदाच्या पश्चात सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा, ते नाव. वारस ठरेपर्यंत तो तात्पुरता सभासद असतो. घर जातं ते वारसांकडे. तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येता असं धरून सांगते : मिस्टरांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांच्या मागे आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी हे चौघे सारखे वारस. म्हणजे ज्या घराचा निम्मा हप्ता तुम्ही भरलात, त्यात तुमचा हिस्सा एक चतुर्थांश. सासूबाईंचा एक चतुर्थांश पुढे त्यांच्या वारसांकडे जाईल, त्यात तुमचे दीर-नणंदाही आल्या. मी कुणाच्याही मनात काळं आहे असं म्हणत नाही. सासूबाईंचा हक्क खरा आहे आणि तो त्यांना मिळायलाच हवा. पण एवढ्या सह्या एका कागदावर गोळा करणं किती जड जातं, ते मी रोज बघते.

आता तेच मिस्टरांनी हयातीत निम्मा हिस्सा तुम्हाला बक्षीस दिला तर? तो निम्मा पक्का तुमचा. उरलेल्या निम्म्याचे चार भाग, त्यातला एक तुमचा. म्हणजे एकूण आठांत पाच भाग तुमचे, आणि सासूबाई व मुलांचा एकेक भाग शाबूत. मिस्टरांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. वाद न घालता दाखवा. आकड्यांनी पुष्कळ माणसांना समजतं.

मागे एक बाई माझ्याकडे फाइल घेऊन आल्या होत्या. शेअर सर्टिफिकेटच्या मागे सहयोगी सभासद म्हणून त्यांचं नाव निळ्या शाईने लिहिलेलं, खाली सोसायटीचा गोल शिक्का. त्याच फाइलमध्ये सूची क्रमांक दोन, त्यात लिहून घेणार म्हणून फक्त नवऱ्याचं नाव. नवरा गेलेला. मुलीच्या शिक्षणासाठी फ्लॅटवर कर्ज काढायचं, तर बँकेने सगळ्या वारसांच्या सह्या मागितल्या आणि त्यांतला एक वारस परदेशात. त्या बाई तो निळ्या शाईचा कागद परत परत माझ्यासमोर सरकवत होत्या, ‘यात आहे की माझं नाव.’ त्यांना समजावून सांगताना मला फार जड गेलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

तुमच्या बाबतीत कर्ज चालू आहे. सहकर्जदार म्हणजे कर्ज फेडायला बांधील, मालक नव्हे. पुष्कळ नोकरदार बायकांना वाटतं की कर्जाच्या कागदांवर सही केली म्हणजे घरही झालं. हप्ते तुमच्या खात्यातून गेले, हा पुरावा कामाचा आहे, पासबुकांच्या नोंदी जपून ठेवा. पण त्या पुराव्यावर हक्क सांगायचा तर दिवाणी दावा लावावा लागतो, आणि तो किती वर्षं चालेल हे कुणी सांगू शकत नाही. बक्षीसपत्र ते सगळं टाळतं. फ्लॅट बँकेकडे गहाण आहे, मूळ कागद त्यांच्याकडेच आहेत. तेव्हा आधी शाखेत लेखी अर्ज देऊन ना हरकत पत्र घ्या आणि कर्जाचा उल्लेख दस्तात करा. तुम्ही सहकर्जदार आहातच, त्यामुळे बँकेचं काही नुकसान होत नाही, हे अर्जात लिहायला विसरू नका.

ते जमेपर्यंत मिस्टरांना निदान मृत्युपत्र करायला सांगा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर, मुद्रांक लागत नाही.

प्रश्न : माझा पुण्यातला फ्लॅट माझ्या नावे आहे. मला त्यात पत्नीचं आणि आईचं, दोघींचं नाव लावायचं आहे. दोघींना २०० रुपयांत होईल ना?

उत्तर : पत्नीला होईल, अधिभार वेगळा. आईला नाही. सवलतीच्या यादीत मुलगा-मुलगी, नातवंडं आहेत, आई-वडील नाहीत. लेकाने आईला घर दिलं तर मुद्रांक शुल्क ३ टक्के. आईने लेकाला दिलं तर २०० रुपये. मला हे पटत नाही आणि तसं मी अनेकदा बोलून दाखवलं आहे. पण आज नियम असा आहे. दोघींसाठी दोन स्वतंत्र दस्त करा, एकात बांधू नका. आईला केवळ राहण्याची निश्चिंती द्यायची असेल, तर मृत्युपत्राने तो हक्क राखता येईल, शुल्कही वाचेल.

प्रश्न : आम्ही म्हापशाचे. लग्न गोव्यातच नोंदलं आहे, त्या वेळी कुठलाही वेगळा करार केला नव्हता. फ्लॅटच्या कागदावर एकट्या नवऱ्याचं नाव आहे. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचं बघून गिफ्ट डीड करावं का?

उत्तर : तुम्हाला गरज नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर गोव्याच्या कायद्याने नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते, निम्मी-निम्मी. तुमच्या सहीशिवाय नवऱ्याला तो फ्लॅट विकता येणार नाही. जे आधीच तुमचं आहे ते बक्षीस कसं घेणार? लग्ननोंदणीचा दाखला मात्र घराच्या कागदांसोबतच ठेवा. तुमच्या हक्काचा पुरावा तोच आहे.

प्रश्न : आमचं जळगाव जिल्ह्यात गावठाणात घर आहे. नमुना आठला अजून सासऱ्यांचं नाव आहे, ते वारले. ग्रामसेवक म्हणतात, अर्ज द्या, तुमचं दोघांचं नाव लावून देतो. मग आम्ही दोघं मालक झालो का? उतारा सोबत जोडला आहे.

उत्तर : अर्ज जरूर द्या. गावातल्या घरावर दोघांचं नाव लागावं म्हणून महाराष्ट्रात बायांनी मोठी चळवळ केली आहे. ‘घर दोघांचे’ ही मोहीम तुमच्याच जिल्ह्यात गाजली. त्याही आधी, १९९० च्या सुमारास, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावे केला. १९९२ साली सरकारने सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावण्याचं परिपत्रक काढलं. ज्या बायांनी ते मागितलं, त्यांना गावकीत काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

पण नमुना आठ ही करआकारणीची नोंद आहे. घरपट्टी कुणाकडून घ्यायची, ते त्यात असतं. त्यात नाव असलं की योजनांना उपयोग होतो, कब्जाचा पुरावा मिळतो, मालकी मात्र त्याने सिद्ध होत नाही. तुमच्या गावात ड्रोनने गावठाण मोजणी झाली असेल, तर घराची मिळकतपत्रिका निघाली असेल. भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी करा. मालकीची नोंद शोधायची ती तिथे.

तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव आहे, म्हणून आधी वारसनोंद करावी लागेल, आणि ती फक्त तुमच्या मिस्टरांची नव्हे. सासूबाई असतील तर त्या, दीर, आणि नणंदाही. लग्न होऊन गेल्या म्हणून नणंदांची नावं गाळू नका, त्यांचा हक्क तुमच्या मिस्टरांइतकाच आहे. बाकीच्यांना हिस्सा नको असेल, तर ते तुमच्या मिस्टरांच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करू शकतात. इथे तो दस्त बरोबर बसतो, कारण ते सगळे सहहिस्सेदार आहेत. ते झाल्यावर मिस्टरांनी तुम्हाला बक्षीसपत्राने निम्मा हिस्सा द्यावा. उलट क्रमाने केलंत, तर मिस्टर फक्त स्वतःच्या वाट्यापुरतंच देऊ शकतील आणि बाकीच्यावर पुढे वाद निघेल. तेव्हा या आठवड्यात ग्रामपंचायतीकडून सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला घ्या, सगळ्या वारसांची नावं एका कागदावर लिहा आणि नणंदांना तुम्ही स्वतः फोन करा.